फुग्याची शेपटी

दादाने सेहेचाळिसाव्या वर्षी चित्रांची कादंबरी काढायला घेतली, तेव्हा मी त्याला म्हटलं, "बरं झालं, पुढच्या वर्षी दुधाचे दातही येतील." तो हसला नाही. दादा माझ्या विनोदांना हसत नाही आणि मी त्याच्या गप्प बसण्याला भीक घालत नाही, असं आमचं लहानपणापासून चाललंय.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आत उभं राहून बटणं दाबणारा नव्हे. तो लिफ्टच्या डोक्यावर बसायचा, पाठीला दोरखंड, मांडीवर पाने-पक्कड, आणि लिफ्ट हळूहळू वर न्यायचा. तो सांगायचा, की खालून वर जाताना प्रत्येक मजल्याच्या जाळीतून एकेक तुकडा दिसतो. कुणाच्या चपला, कुणी कुलूप लावतंय, एखादी बाई भिंतीला टेकून फोनवर रडतेय. मग स्लॅबचा अंधार. मग वरचा मजला, वेगळी माणसं. "मधल्या अंधारात काय झालं असेल ते आपण ठरवायचं," असं म्हणून तो जेवायला बसायचा. लग्न त्याने केलं नाही. माझं मोडलं. मी आईकडे परत आले, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागले, आणि आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहू लागलो.

मग त्याचा खांदा गेला. कंपनीने त्याला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. फोन आला की उचलायचा, पत्ता लिहायचा, मेकॅनिक पाठवायचा. दोन फोनांच्या मध्ये तो तक्रारीच्या कागदांच्या पाठीवर चित्रं काढायला लागला. साहेबाने एक कागद उलटून बघितला आणि ओरडायच्या ऐवजी सांगितलं, की गावातल्या वाचनालयात दर रविवारी असलं काहीतरी शिकवतात. दादा गेला. वर्गातली बाकी मुलं विशीतली. ती त्याला 'लिफ्टवाले काका' म्हणायची, आणि शिकवणारी बाई त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, की दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीला 'गटर' म्हणतात आणि खरी गोष्ट त्या गटरात घडते. दादा घरी येऊन म्हणाला, "आयुष्यभर लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसलं, आता कागदावरही गटार!" पण ते त्याला पटलं होतं. मधला अंधार त्याला बाईंच्या आधीपासून माहीत होता.

बाकीचं शिकणं त्याला जड गेलं. नाक एका पानावर सरळ, दुसऱ्यावर वाकडं. समोरून काढलेला माणूस बाजूने काढला की त्याचा मेहुणा वाटायचा. बाई म्हणायच्या, की एकच चेहरा शंभर वेळा काढता आला पाहिजे, आणि शंभराव्या वेळीही तो तोच माणूस असला पाहिजे. अक्षरांचं तर विचारूच नका. आधी फुगा काढायचा आणि मग त्यात बोलणं कोंबायचं, अशी त्याला सवय लागली होती, त्यामुळे त्याची माणसं बोलताना शेवटचे दोन शब्द कडेला चेंगरून मरायची. आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा, हे कळायला त्याला पाऊण वर्ष लागलं. मी म्हटलं, "पालथ्या घड्यावर पाणी." पण तो रोज संध्याकाळी टेबलावर बसायचा, हे मात्र खरं.

त्याच सुमाराला आईच्या डोळ्यांचं निदान झालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपायची, आणि तीही किती दिवस जपली जाईल ते सांगता येत नाही. आईला तेव्हाच कडेचं काही दिसत नव्हतं. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं. दिवसातून दोनदा मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे, आणि ती दर वेळी म्हणायची, "एवढं पाणी झाडाला घातलं असतं तर फळं आली असती."

आई शाळेत गेलेली नाही. सही करते, ती चित्र काढावं तशी. आयुष्यात तिने एकही पुस्तक वाचलेलं नाही. दवाखान्यातून परत आल्यावर दादा मला स्वयंपाकघरात म्हणाला, "तिचे डोळे जायच्या आत मी तिला एक पुस्तक देणार. तिचंच. चित्रांचं आहे, तिला वाचायला यायची गरज नाही." तेव्हा पहिल्यांदा मी त्याची थट्टा केली नाही.

तिची गोष्ट म्हणजे काय, तेही सांगायला हवं. आम्हा दोघांच्या मधे एक बहीण होती. मी तिला बघितलं नाही. ती चार वर्षांची असताना तापाने फणफणली, तेव्हा आम्ही जुन्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहत होतो. वडील दुकानात, दादा शाळेत, आणि मी आईच्या पोटात सहा महिन्यांची. आई तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात निघाली आणि लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. दुपार अख्खी गेली. बाहेर काढलं तेव्हा मुलगी डोळे उघडत नव्हती. दोन दिवसांनी ती गेली. लिफ्ट अडकली त्या संध्याकाळी दादा शाळेतून आला तेव्हा आई दारात बसली होती, ओठ मिटून. त्याने विचारलं, छोटी कुठे आहे, तर तिने नुसता हात हलवला. ती गप्प बसलेली आई दादाच्या डोक्यात पक्की बसली. मलाही आई गप्पच माहीत. हळू बोलायची, कमी बोलायची, कुणी पायावर पाय दिला तरी "असू दे" म्हणायची. दादा लिफ्टच्या कामात गेला यात लोकांना फार मोठा अर्थ दिसतो. तसं काही नाही. मामाची त्या कंपनीत ओळख होती, म्हणून तो चिकटला.

तर दादाने ते पुस्तक काढलं. दोन वर्षं. सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. मग छापखाना. छापणाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, की पानांच्या आकड्याला चाराने भाग जायला हवा. दादाची पानं एकसष्ट. घरी येऊन त्याने तीन पानं कुठून आणायची यावर आठवडा घालवला, आणि शेवटी एक पान कोरं सोडलं, एकावर आपलं नाव घातलं, आणि एकावर लिहिलं, 'आईला, जिने सगळं मुकाट्याने सोसलं'. मला ती ओळ वाचून रडू आलं. हे मी लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यानंतर लपवून उपयोग नाही.

पुस्तकातलं लिफ्टचं पान तर बघणाऱ्याला गप्प करायचं. पानभर सहा चौकटी, सगळ्या सारख्या. आई कोपऱ्यात बसलेली, मांडीवर मुलगी. पहिल्या चौकटीत वरून थोडा उजेड, मग कमी, मग आणखी कमी, शेवटच्या चौकटीत काळं आणि त्यात आईच्या कपाळाची रेघ. एकही शब्द नाही. वाचनालयात हौशी लोकांनी आपापली पुस्तकं मांडली होती, तिथे दादालाही एक टेबल मिळालं. लोक पुस्तक चाळत यायचे आणि त्या पानावर थांबायचे. एका माणसाने खिशातून रुमाल काढला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, हे मौन मला कधी जमलं नसतं." दादा त्या दिवशी लहान पोरासारखा लाल झाला होता.

संध्याकाळी त्याने पुस्तक आईच्या हातात दिलं.

आईने ते खिडकीपाशी नेलं. तिला एका वेळी एकच चौकट दिसायची, त्याहून जास्त तिच्या नजरेत मावत नव्हतं. ती पान डोळ्यांसमोर हळूहळू सरकवायची, थांबायची, पुन्हा सरकवायची. दादा तिच्या पायाशी बसला होता. तिने बाबांना ओळखलं. जुन्या बिल्डिंगचा जिना ओळखला. "हा नळ असाच गळायचा," म्हणाली. मग बोट ठेवून तिने विचारलं, "हे पांढरं काय आहे सगळ्यांच्या डोक्यावर?"

"फुगा आहे आई. माणूस बोलतो ते त्यात लिहितात. ही खाली शेपटी आहे ना, ती ज्याच्या तोंडाकडे जाते, तो बोलतोय."

"असं होय." तिने मान हलवली आणि पुढे गेली. मग थांबली. मग परत पहिल्या पानावर आली आणि सगळं पुस्तक पुन्हा बघायला लागली. या वेळी चित्रं बघत नव्हती. बोट शेपटीवरून शेपटीवर फिरत होतं. बाबा. शेजारीण. दुकानदार. डॉक्टर. शाळेतला मास्तर. लिफ्टच्या पानावर तिचं बोट सगळ्या चौकटींतून फिरलं आणि काही न सापडता खाली उतरलं.

"माझ्या तोंडाला शेपटी कुठे आहे रे?" आईने विचारलं.

दादा म्हणाला, "तू गप्प आहेस ना त्यात, आई. तू कधी बोललीच नाहीस. तेच तर दाखवायचं होतं."

"कोण गप्प?"

मी भाजी निवडत होते, ती खाली ठेवली. आईचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"मी गप्प बसले होते?" आई म्हणाली. "पोर मांडीवर टाकून? मी माणूस आहे की मडकं? अरे, घसा फाटेस्तोवर ओरडत होते मी. पहिल्यांदा 'अहो' म्हटलं. 'अहो, कुणी आहे का, लिफ्ट अडकलीय.' मग 'अरे' म्हटलं. मग तोंडाला येईल ते. चौथ्या मजल्यावरच्यांच्या सात पिढ्या काढल्या. चप्पल काढून जाळीवर आपटली. तू शाळेतून आलास तेव्हा माझा घसा बसला होता. फुस्स एवढासुद्धा आवाज येत नव्हता. मी हात हलवला कारण मला बोलताच येत नव्हतं."

"मग कुणी आलं कसं नाही?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

आई माझ्याकडे वळली. मी तिला कडेला दिसत नव्हते, म्हणून तिला सगळी मान फिरवावी लागली.

"ऐकलं सगळ्यांनी. नंतर सांगितलंच त्यांनी. माझ्या तोंडाचा पट्टा त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होता. तुझ्या बापाशी माझं रोज वाजायचं, दारं उघडी टाकून. त्यांना वाटलं, रोजचंच आहे. एकीने तर दार लावून घेतलं. त्यानंतर मी आवाज खाली आणला. म्हटलं, पुन्हा कधी खरंच बोलवायची वेळ आली, तर लोकांना वेगळं वाटायला हवं."

आईचं हळू बोलणं हा तिचा स्वभाव आहे, असं मी चाळीस वर्षं समजत होते. मला तेव्हा बाबांचा, शेजाऱ्यांचा आणि दादाचाही फार राग आला. दादाचा तर सगळ्यात जास्त, कारण तो तिथे समोर होता. मी म्हटलं, "सगळ्यांच्या तोंडाला फुगा, आणि आईच्याच तोंडाला कुलूप घातलंस होय रे?" पुस्तकाच्या पहिल्या पानावरची ती ओळ त्याने अंगठ्याने झाकून धरली होती. आईला ती वाचता येत नव्हती, तरीही.

दादाने ठरवलं, पुस्तक पुन्हा काढायचं. उरलेल्या प्रती त्याने खोक्यात भरून पलंगाखाली ढकलल्या. शिकवणाऱ्या बाई समजावायला घरी आल्या. त्या म्हणाल्या, गोष्ट म्हणून ते मौनच चांगलं होतं. दादा म्हणाला, "असेल. पण आई गप्प नव्हती."

मग आमच्या घरात काही महिने जे चाललं, ते आठवलं की मला अजून हसू येतं. आई एकदा बोलायला लागली ती थांबेचना. दादा कागद घेऊन बसायचा आणि ती सांगायची, कोणत्या मजल्यावरच्याला काय म्हणाली. चौथ्यावरच्या जाड्या बाईला 'कान फुटका भोपळा', वॉचमनला 'झोपाळू रेडा', बाबांना तर असं काही, की दादाच्या हातातली पेन्सिल थांबली.

"आई, हे छापता येणार नाही."

"का? बाकी सगळ्यांचं छापलंस की."

त्याने छापायचं कबूल केलं. लिफ्टचं एक पान होतं, त्याची बारा पानं झाली. फुगे भरले, चौकटींच्या बाहेर सांडले, स्लॅबवर आपटले. ते सगळं जमलं. एकच जमेना. आईचं तोंड.

ओरडणारी आई दादाने कधी बघितलेली नव्हती, किंवा बघितली असेल तर आठवत नव्हती. तो तोंड उघडं काढायचा तर ती जांभई दिल्यासारखी दिसायची. कधी गाणं म्हटल्यासारखी. त्याने मला समोर बसवून ओरडायला लावलं, पण ते माझं तोंड व्हायचं. शेवटी त्याने आईलाच सांगितलं, "आई, एकदा ओरडून दाखव." आईने ओठ उघडले, छाती भरून घेतली, आणि बारीकसा "अहो" बाहेर आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग म्हणाली, "गेलं रे ते. सवय गेली."

मी त्याला म्हणत होते, जसं आहे तसं दाखव तिला. पेन्सिलीचं दाखव. कच्चं दाखव. तो म्हणायचा, "एकदा चुकीची आई दाखवली तिला. आता चूक नको." मी रागावले, भांडले, एकदा त्याच्या हातातला कागद ओढून घेतला तर तो फाटला. त्यानंतर तो दार लावून काम करायला लागला. त्याला आईचं तोंड बरोबर काढायचं होतं, आणि मी तिच्या डोळ्यांत थेंब घालत होते, आणि आम्ही दोघंही आपापल्या कामात पक्के होतो.

एके सकाळी मी आईपुढे चहाचा कप ठेवला. तिने हात पुढे केला आणि तो कपाच्या शेजारी टेबलावर ठेवला. "आज ढग आलेत का गं?" तिने विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं. मी दादाच्या दाराकडे बघितलं आणि मला त्याला हाक मारावीशी वाटेना. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की आता काही उरलेलं नाही.

त्यानंतर दादाला ते तोंड जमलं. कसं जमलं, मला माहीत नाही. मी ते बघितलं. ती माझीच आई होती, मी कधी न बघितलेली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, दात दिसणारे, डोळे जाळीच्या वर कुठेतरी लागलेले, आणि मांडीवरच्या पोरीच्या कानावर तिचा पंजा, आवाज लागू नये म्हणून झाकल्यासारखा.

नवं पुस्तक छापून आलं त्या दुपारी आई तिच्या खुर्चीत बसली होती. दादाने ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिने पानांवरून हात फिरवला. गुळगुळीत कागद. तिच्या बोटांना काहीच सापडलं नाही.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

दादाने वाचलं. लिफ्टची बारा पानं, सगळ्या शिव्यांसकट, एकेक फुगा. तो त्याच्या नेहमीच्या खालच्या आवाजात वाचत होता, तक्रारीचा पत्ता परत वाचून खात्री करावी तसा. संपल्यावर त्याने ते परत आईच्या मांडीवर ठेवलं.

"बरोबर लिहिलंस," ती म्हणाली. "पण बोललेलं मला ठाऊकच आहे रे. मीच बोलले ते. मला बघायचं होतं."

"काय बघायचं होतं आई?"

"मी ओरडताना. चाळीस वर्षं झाली. कुणीच आलं नाही, त्यामुळे मला कधी कधी वाटतं, मी ओरडलेच नसेन. नुसती मनातल्या मनात ओरडले असेन आणि बसून राहिले असेन, तू आधी काढलं होतंस तशी. चित्रात बघितलं असतं म्हणजे पटलं असतं."

"ओरडलीस आई. खूप ओरडलीस."

"तू कुठे होतास तिथे? तू शाळेत होतास." ती रागाने म्हणत नव्हती.

दादाने पुस्तक उचललं. मला वाटलं, तो ते मिटून आत जाणार, आणि मग कित्येक दिवस कुणाशी बोलणार नाही. पण तो उभा राहिला, लिफ्टचं पहिलं पान उघडलं आणि पुन्हा वाचायला लागला. या वेळी मोठ्याने. "अहो, कुणी आहे का!" आई म्हणाली, "एवढं हळू नाही." त्याने आवाज चढवला. ती म्हणाली, "आणखी." माझा भाऊ, ज्याने आयुष्यात कधी रिक्षाला हाक मारली नाही, भर दुपारी दोन खोल्यांच्या घरात गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. "अरे, मेलात का सगळे! कान फुटके भोपळे! माझी पोर जातेय, दार उघडा!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पानं उलटत होता. खिडकीची काच थरथरत होती. मी त्याला थांबवलं नाही.

दाराची घंटा वाजली. मी दार उघडलं. वरच्या मजल्यावरची बाई उभी होती, हाताला पिठाचे डाग, पायात चपला नव्हत्या, श्वास लागलेला. तिच्या मागे जिन्यात आणखी दोघं.

"काय झालं? कुणाला काही झालं का? आवाज ऐकला म्हणून धावत आले."

दादा थांबला होता. आईने मान दाराकडे वळवली.

"कोण आलंय?"

"वरच्या मजल्यावरच्या बाई, आई."

"कशाला?"

"आवाज ऐकून आल्यात."

आईने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरले.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "फार उशीर केलात."

बाईंना काही कळलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी त्यांना आत घेतलं आणि आईजवळची खुर्ची पुढे केली.